आठ दिवसांची चावी

समोरच्याचं मनगट न विचारता ओढून कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चालतंय." मांजरसुंब्याच्या फाट्यावर, ढाब्यांच्या रांगेत छोटं दुकान असलेल्या घड्याळवाल्या मामांचा नमस्कार हा असा. तब्येत विचारली तरी उत्तर तेच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वस्तू विकायला मांडतात आणि गिऱ्हाईक आलं की कपाळाला आठ्या घालतात.

मी शाळामास्तर. शाळेला जाताना फाट्यावर गाडी बदलतो. मोबाइलवर वेळ बघायला जावं तर आधी शिक्षणखात्याचे चार आदेश आणि दोन तक्ते वाचावे लागतात. कंटाळलो होतो. नुसती वेळ सांगून गप्प बसणारी एखादी वस्तू हवी होती. मामांच्या काचेत पिवळट तबकडीचं, चावीचं जुनं घड्याळ होतं. ते मागितलं.

"असं न्हाई देत. आठ दिस रोज सकाळी या, माझ्यासमोर चावी द्या. मग न्या."

"कावून मामा? पैसे देतोय की."

"लोकं हौसेनं नेतेत अन् कपाटात टाकतेत. आतलं तेल सुकतंय. लई घड्याळं मेली तशी."

मंगळवारी सुरुवात केली. पाच दिवस गेलो. मामा माझ्या बोटांकडे बघत बसायचे. "जोर लावू नका. ते थांब म्हनलं की थांबायचं." खरं सांगतो, दिवसभरात मला थांब म्हणणारं तेवढं एकच होतं.

सहावा दिवस रविवार. आठवड्याचा शीण अंगात. अकरापर्यंत पडून राहिलो. सोमवारी गेलो तर घड्याळ खणात.

"नेम मोडला. पुन्यांदा पयल्यापासून."

"ठेवा तुमचं तुम्हालाच," म्हणालो आणि जीपमध्ये जाऊन बसलो. पुढं तीन महिने फाट्यावर उतरलो की दुकानाकडे पाठ करून उभा राहायचो. राग कधीच निवला होता, पाय तेवढे उचलत नव्हते. त्या दिवसांत दुकान उघडं होतं की बंद, हेही मी पाहिलं नाही. याची आता लाज वाटते.

शेवटी एकदा गेलो. मामांच्या स्टुलाशेजारी मामी उभ्या होत्या. मामा महिन्यापूर्वी गेले, म्हणाल्या. त्यांनीच खणातून घड्याळ काढलं. ते चालू होतं.

"मास्तर तुमीच न्हवं? रोज मी चावी देते. तुमचे तीन दिस ऱ्हायलेत. पयल्यापासून न्हाई, तीनच, असं सांगून गेलेत."

ओळीनं तीन सकाळी गेलो. त्यातली एक रविवारची होती. तिसऱ्या दिवशी चावी दिली, घड्याळ हाताला बांधलं आणि सवयीनं मनगट स्टुलाकडे पुढं केलं. स्टूल रिकामं होतं.

मामींनी माझा हात धरला, वाकून कान लावला. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"चालतंय," म्हणाल्या.