माटवीला घरची वाली

गोगलगाय गरीब असते असं ज्याने कोणी लिहिलं, त्याने आषाढात आमच्या परड्यात, घरामागच्या वाफ्यांत, येऊन बघायला हवं होतं. मी एरवी पत्रकं लिहितो. पत्रकात शत्रूचं नाव ठळक छापायचं असतं. आमचे शत्रू दोन: पाठीवर शंख घेऊन फिरणारी गोगलगाय, आणि तिची बिनशंखाची, काळपट, चिकट बहीण. वालीच्या कोंबाला दोन पानं फुटली की रात्रीत साफ. सकाळी नुसता दांडा उभा आणि मातीवर चकाकणारी रेघ.

वाली म्हणजे हातभर लांब शेंगांची चवळी. आम्ही तोंडवलीत राहायचो, वडील तिथे शाळामास्तर. चवथीला मात्र सगळ्या भावांचा एकच गणपती, कुणकेश्वराजवळच्या मूळ घरी. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी माटवीला प्रत्येक घराने आपल्या परड्यातलं काहीतरी आणायचं. कोणी काकडी, कोणी सुपारीचा घड, आमच्याकडे वाली. धाकटी सून, म्हणजे माझी आई, कशी आहे ते त्या शेंगांवरून ठरायचं. ठरवणारे पुरुष जन्मात परड्यात वाकले नव्हते, हे मी आजही तोंडावर बोलतो. आईला मात्र तिथे मान खाली घालायची नव्हती. आदल्या वर्षी तिने नाइलाजाने विकतच्या शेंगा नेल्या होत्या, आणि थोरल्या काकीने त्या हातात धरून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "औंदा बाजारात बरो पाऊस पडलेलो दिसता."

त्या वर्षीही पहिली पेर गेली. आईने चुलीतली राख रोपांभोवती घातली, ती पावसाने वाहून नेली. दुकानदाराने विषारी पावडर वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून दिली. हात धुवा, कोंबड्या आवरा, असा एक शब्द नाही. असल्या दुकानदारांशी मी अजून भांडतो. आईने पुडी परत पाठवली. "कोंबयो ह्योच गोगलगायी खातत. मगे त्यांनी मरूचा?"

मग वडील पुढे सरसावले. मिठाने गोगलगाय विरघळते, हे ते वर्गात शिकवत. मिठागरावरचं जाडं मीठ घरात गोणभर असायचं. दुसऱ्या पेरीच्या प्रत्येक रोपाभोवती त्यांनी मिठाचं रिंगण काढलं. पावसात मीठ मुळाशी मुरलं आणि पानं कडेने करपून रोपं आडवी झाली.

"मीठ शिजवताना घालतत, रुजवताना नाय," आई म्हणाली. "तुमच्या शाळेत ह्या शिकवणत नाय?"

"पुस्तकात पाऊस नव्हतो," वडील म्हणाले.

उरलेल्या मूठभर बिया आईने करवंटीत भिजत घालून पडवीच्या वाशाला टांगल्या, आणि पाहुण्यांच्या गडबडीत विसरली. करवंटीच्या डोळ्यातून पाणी गळून गेलं होतं. आठवण झाली तेव्हा काठावर कोंब आलेले, पान न् पान धड. खाली जमिनीवर रेघाच रेघा.

त्या संध्याकाळी आम्ही घरातल्या सगळ्या करवंट्या गोळा केल्या, मातीने भरल्या, काथ्याने टांगल्या. ओली माती, चुलीचा धूर आणि डोक्याला आपटणाऱ्या करवंट्या: अजून पाऊस लागला की पडवीत शिरताना मी आपोआप वाकतो.

"गो, ह्या काय टांगलंस?" शेजारीण म्हणाली.

"पोरांका पाळण्यात घातलंय."

दांडे जाड झाल्यावर करवंटी फोडून मातीसकट रोप लावायचं. गोगलगायी खालची पानं खात राहिल्या, पण वेल मांडवावर चढले.

उशीर व्हायचा तो झालाच. चवथीच्या आदल्या दिवशी शेंगा जेमतेम वीतभर.

"दोन जुड्यो विकत घेऊया. कोणाक कळतला?" वडील म्हणाले.

"माका कळतला."

आता घाटावरून फोंडाघाटच्या बाजारात वालीचे भारे उतरतात, लांब, सरळ, सारखे. आईने तेव्हा आपल्या वाकड्या शेंगा केळीच्या पानात गुंडाळल्या आणि एसटीत मांडीवर धरून बसली.

मूळ घरी काकीने पान सोडलं. "ह्यो शेंगो की सुतळी गो?"

"सुतळीच. पण घराकडली."

काकीने एक शेंग मोडून बघितली. कट्कन मोडली. थोरले काका स्टुलावर चढून उरलेल्या शेंगा माटवीच्या कडेला बांधायला लागले, तशी काकी म्हणाली, "कडेक नको. बारीक आसत, दिसाच्यो नाय. मधी बांधा."

आई दोरा घेऊन पुढे झाली.