अक्कांशी भांडण

कोणाचंही लहान मूल समोर दिसलं, की अक्का आधी स्वतः चावायला लागायच्या. कमरेच्या बटव्यातून दोन-चार भाजलेले शेंगदाणे काढायचे, गुळाच्या खड्याबरोबर तोंडात बारीक करायचे आणि तो लगदा बोटाच्या टोकावर घेऊन पोराच्या तोंडात सारायचा. पोर ओळखीचं असो वा नसो. एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही.

"खाय, बेटा, खाय. तुनी मायनं दूध पातळ शे," हे त्या आईच्या तोंडाकडे बघतच म्हणायच्या.

पोराची आई बिचारी ओशाळून हसायची. मी कधी हसले नाही. अक्का माझ्या सासूबाई, आणि मला त्या आवडत नसत. त्यांनाही मी आवडत नसे. त्या आता नाहीत, म्हणून त्या आवडत होत्या असं लिहायला मी बसलेली नाही.

दोंडाईचाजवळच्या एका खेड्यात त्यांचं घर होतं. तीन मुलगे. धाकटा प्रवीण, माझा नवरा. आम्ही जळगावला पिंप्राळ्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. तन्मय सहा महिन्यांचा झाला, माझी रजा संपली, मी पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागले, आणि त्याला सांभाळायला अक्का आल्या. येताना पत्र्याची पेटी, बाजरीचं पीठ आणि माझ्याविषयीची तयार मतं घेऊन आल्या. पहिल्याच दिवशी डायपर दोन बोटांत धरून म्हणाल्या, "मास्तरीन, पोऱ्याले पिशवी बांधस का?"

मला त्या नावानं हाक मारत नसत. 'मास्तरीन' म्हणत, आणि त्यात मान नव्हता. मुलं कशी वाढवावीत यावरची दोन पुस्तकं मी उशाशी ठेवायचे. ती दिसली की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं. "पुस्तके वाचीसन पोरे मोठा व्हतस नही. मी तीन पोरे मोठा करात."

मीही काही कमी नव्हते. त्यांनी तन्मयचा मुका घेतला की मी त्यांच्यादेखत ओल्या फडक्यानं त्याचा गाल पुसायचे. त्या त्याला खेळवताना "हाई काय शे?" म्हणाल्या की मी स्वयंपाकघरातून सुधारायचे, "अक्का, 'हे काय आहे' म्हणा. त्याला तीच सवय लागेल." त्या मुद्दाम आणखी मोठ्यानं म्हणायच्या, "हाई काय शे, बेटा? हाई तुनी मायना राग शे."

जावळाचं तर मी अजून विसरलेले नाही. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढायचं, म्हणून धुळ्याहून माझा भाऊ रविवारी येणार होता. कपडे घेतले होते, जेवणाचं ठरलं होतं. शुक्रवारी शाळेतून आले तर तन्मय दारात गोटा होऊन बसलेला. अक्कांनी खालच्या न्हाव्याला वर बोलावून उरकून टाकलं होतं.

"डोळामा केस जायेत त्याना. तुना भाऊनी वाट देखत बसू का?"

मी त्या दिवशी जेवले नाही. प्रवीण दोघींच्या मध्ये उभा राहून म्हणाला, "केस काय, परत येतील." माझा भाऊ मात्र त्यानंतर वर्षभर आमच्या घरी आला नाही.

तन्मय अकरा महिन्यांचा असताना एका दुपारी शाळेत फोन आला. त्याच्या ओठांभोवती लाल गांधी उठल्या होत्या आणि उलट्या थांबत नव्हत्या. डॉक्टरांनी विचारलं, "आज नवीन काय खाल्लं?" अक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काहीच नही. वरणनं पानी." औषधानं उतार पडला, पण डॉक्टरांना शंका आली. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि अहवाल आल्यावर आम्हाला समोर बसवून सांगितलं, की या मुलाला शेंगदाणा चालणार नाही. थोडासुद्धा नाही. पुढच्या वेळी श्वास अडकू शकतो, आणि तसं झालं तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखान्यात या.

घरी येऊन मी अक्कांना विचारलं. त्यांनी करंगळीचं नख दाखवलं. "एवढासा."

आता खानदेशातल्या घरातून शेंगदाणा काढायचा म्हणजे काय काय काढायचं! भाजीतला कूट गेला, ठेचा गेला, तेल बदललं. मी डबे घासले, मिक्सरची भांडी बदलली. अक्का पलंगावर बसून हा सगळा उद्योग बघत होत्या.

"शेंगदाना खाईसन कोनी मरस का वो? दाना नही त्या घरमा पाहुणा तरी थांबस का?"

"पाहुणे नाही थांबले तरी चालेल," मी म्हटलं.

बटवा मात्र त्या सोडेनात. मग मी नियम केला, की दाणे खायचे तर बाहेर जिन्यात बसून खायचे आणि साबणानं हात-तोंड धुऊन आत यायचं. पासष्टीच्या बाईला मी जिन्यात बसवत होते. शेजारीण वर-खाली करताना थांबून विचारायची, "अक्का, इथं का बसल्या?" त्या ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "सुनना हुकूम शे." मला लाज वाटत नव्हती, उलट आपण जिंकलो असं वाटत होतं.

दीड वर्ष असंच गेलं. काही झालं नाही, आणि काही होत नाही म्हणून अक्कांचा धीर वाढत गेला. त्यांच्या डोक्यात आपलं एक गणित होतं. नव्या बैलाला जशी हळूहळू जुवाची सवय लावतात, तशीच पोराला दाण्याची लावायची. मी नसताना त्यांनी एक दिवस अर्धा दाणा चावून त्याला भरवला.

त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही. शेजारणीनं आणि दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. तन्मयचे ओठ सुजले, तो खोकायला लागला आणि मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. अक्कांनी त्याला उचललं आणि दार सताड उघडं टाकून दोन जिने उतरल्या. रिक्षा थांबेना, तेव्हा त्या भर रस्त्यात पोराला घेऊन आडव्या उभ्या राहिल्या. दवाखान्यात रांग होती. रांग मोडून त्या थेट आत घुसल्या आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आत ओरडल्या, "शेंगदाना दिधा! मी दिधा! अर्धा!"

डॉक्टर मला नंतर म्हणाले, "त्यांनी लगेच सांगितलं ते बरं झालं. इंजेक्शन कशाचं द्यायचं याचा विचार करण्यात एक मिनिटही गेलं नाही."

मी पोहोचले तेव्हा तन्मय झोपला होता. नाकावर वाफेचा मास्क होता. अक्का दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. पायात चपला नव्हत्या आणि एका अंगठ्याचं नख उखडलं होतं. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि म्हटलं, "तुम्ही माझं पोर मारायला निघाला होतात. आजच्या आज गावी जा."

प्रवीण म्हणाला, "सुवर्णा, थोडं थांब."

"त्या जातील, नाहीतर मी जाईन."

आयुष्यात पहिल्यांदा अक्का उलट बोलल्या नाहीत. उठता उठता एवढंच म्हणाल्या, "तो उठी तवलोंग थांबू का?"

त्यांना फक्त तो जागा होईपर्यंत थांबायचं होतं. मी म्हटलं, "नाही."

प्रवीणनं घरून त्यांच्या चपला आणल्या आणि त्यांना एसटीत बसवून दिलं.

पुढची दोन वर्षं अक्का आमच्याकडे आल्या नाहीत आणि मी तन्मयला गावी पाठवलं नाही. प्रवीण एकटा जाऊन येई. आठवड्यातून एकदा फोन यायचा. मी स्पीकर लावून तन्मयसमोर धरायचे. तो "आजी, मी बरा आहे" म्हणाला की त्याच्या हातात खेळणं द्यायचे, म्हणजे तो उठून जाई आणि फोन आपोआप संपे. मला त्यात सुख होतं, हे खोटं कशाला सांगू? अक्का एकदाही म्हणाल्या नाहीत, की मास्तरीन, पोराला नीट बोलू दे. माझ्याशी त्या एक अवाक्षर बोलत नव्हत्या.

मग त्या ओट्यावरून पडल्या आणि कमरेचं हाड मोडलं. प्रवीण म्हणाला, "मी तन्मयला घेऊन जातो. तू नको येऊस." म्हणून मी गेले. माझ्याशिवाय माझं मूल त्या घरात जाणार नव्हतं.

अक्का पडवीत खाटेवर होत्या. निम्म्या उरल्या होत्या. मी पाया पडले नाही की तब्येत विचारली नाही. तन्मयला प्रवीणच्या मांडीवर बसवलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. फळीवरचा एकेक डबा काढून उघडला, वास घेतला, बोट घालून पाहिलं. तेलाचा डबा पाहिला, खलबत्ता नाकाशी धरला. पडवीतून अक्कांना सगळं दिसत होतं. मोठ्या जाऊबाई चुलीपुढून फणकारल्या, "बघा, बघा. शेतात भुईमूग लावतो आम्ही, आणि दोन वर्षं झाली, घरात दाणा येऊ देत नाहीत या. सगळा बाहेरच्या बाहेर विकतो. माझी पोरं चिक्कीसुद्धा शेजारी जाऊन खातात."

"का?" मी विचारलं.

त्यांनी खाटेकडे मान उडवली. "विचारा त्यांनाच."

अक्का छताकडे बघत म्हणाल्या, "पोऱ्या कोन दिन येई जाई, काय सांगू?" तन्मय कोणत्याही दिवशी येईल, म्हणून दोन वर्षं.

माझ्या हातात मसाल्याचा डबा होता. मला तो ठेवून द्यायला हवा होता, पण मी तोही उघडून पाहिला.

"देख, बठ्ठा डबा देख," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी तुना जागावर राहती ते हाईच करती."

दुपारी जेवताना तन्मय ताट घेऊन आजीच्या खाटेशी गेला. साडेचार वर्षांचा होता, पण भोवती चार माणसं असली की त्याला कोणाच्या तरी हातून खायची हुक्की येई. "आजी, भरव ना," तो म्हणाला. ताटात मीच कालवलेला वरण-भात होता. अक्कांनी दोन्ही हात गोधडीत घातले. "तुनी मायले सांग."

"तू भरव."

"नही, बेटा. मना हातले भेव लागस."

त्याला 'भेव' समजलं नाही. माझ्याकडे वळून विचारायला लागला. मी म्हटलं, "भीती. आजी म्हणते, तिच्या हाताला भीती वाटते." आणि पुढे मी काय बोलायला हवं होतं ते मला चांगलं कळत होतं. भरवा अक्का, भात माझा आहे, एवढंच. सगळे जेवायचे थांबले होते. मी उठले, ताट घेतलं आणि त्याला स्वतःच भरवलं. मला ते वाक्य म्हणता आलं नाही. आजही म्हणता येईल की नाही, सांगता येत नाही.

पण त्या भेटीनंतर एक झालं. अक्का पुन्हा माझ्याशी बोलायला लागल्या, म्हणजे भांडायला लागल्या. आठवड्याचा फोन आता माझ्यासाठी असे. पोराला इतक्या लवकर शाळेत का घातलं? त्याला मोबाइल कशाला दाखवतेस? सर्दी झाली तर छातीला ओवा का नाही शेकत? मीही सोडत नव्हते. "अक्का, तुमच्या पद्धती आम्ही पाहिल्यात," असं मी एकदा म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "त्या तर पाह्यात. पन ओवा शेक." मी ओवा शेकला नाही.

शेवटचा फोन मंगळवारी आला. प्रवीणनं त्यांना तन्मयचा शाळेतला फोटो पाठवला होता. "बारीक व्हयना पोऱ्या. तू त्याले खावाले देस का नही?" मी नुकतीच शाळेतून आले होते, भांडी पडली होती, तन्मय पाय धरून रडत होता. मी म्हटलं, "नाही देत. उपाशी ठेवते," आणि फोन आपटला. शुक्रवारी पहाटे त्या झोपेतच गेल्या.

गावातल्या बायका म्हणाल्या, शेवटचं बोलणं गोड व्हायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. गोड बोलणं आमच्यात कधी नव्हतंच. त्या गप्प होत्या ती दोन वर्षं मी पाहिली होती. त्यापेक्षा आपटलेला फोन बरा.

दहावं उरकून आम्ही दोंडाईचाहून गाडीनं परत निघालो. अमळनेर मागे पडलं होतं. तन्मय खिडकीशी केळं खात बसला होता. खाता खाता त्यानं विचारलं, "आई, आता तुला फोनवर कोण रागावणार?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

लग्न झाल्या दिवसापासून हे वाक्य म्हणायला मी टपलेली होते. ते अखेर तोंडातून निघालं. मी त्याचं तोंड पुसायला रुमाल काढला, आणि पुसायचं राहूनच गेलं.