सरांचा शेवटचा ड्रायव्हर

मनात राग धरू नये म्हणतात. मी धरला, गोठ्यात बांधला, वेळेवर चारापाणी केलं आणि चांगला धष्टपुष्ट झाल्यावर बीडच्या एका मंगल कार्यालयात मोकळा सोडला. त्याची ही हकिगत.

मराठीत पीएच.डी. करताना मी माझ्या मार्गदर्शक सरांची गाडी चालवायचो. तशी नेमणूक कुणी केली नव्हती, पण आमच्याकडं संशोधक विद्यार्थी आणि ड्रायव्हर हे एकच पद समजतात. सरांच्या नात्यातली लग्नं, बारशी, तेरावी सगळी मी गाठली. माझा प्रबंध मागच्या सीटवर पडलेला असायचा आणि सर त्याला पाठ टेकून झोपायचे.

मग कॉलेजात जागा निघाली. मुलाखतीच्या सकाळी सरांना घरून मीच आणलं. ते निवड समितीत जाऊन बसले. माझा नंबर आला तेव्हा चष्मा पुसत त्यांनी मला विचारलं, "आपला संशोधनाचा विषय काय?"

जागा त्यांच्या भाच्याला मिळाली. संध्याकाळी त्यांना घरी सोडलं तेही मीच. वाटेत काच खाली घे म्हणाले, मी घेतली. तो राग त्या काचेपाशी जन्मला.

पोटासाठी पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला. शेतकऱ्यांना फोनवर हवामान, फवारणी, बाजारभाव कळवायचा त्यांचा धंदा. लोकांना समजेल असं लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. आता मला माहीत असलेली धड पार पडलेली मुलाखत एकच, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. तिथं बाहेरून आलेल्या परीक्षकाला शाल, नारळ आणि जेवण द्यायची रीत. मी त्याच तयारीनं गेलो. समोर तिशीतली मॅनेजरबाई, जीन्समधली. मी शाल पुढं केली आणि अदबीनं विचारलं, जेवायला व्हेज सांगू का नॉनव्हेज. पिशवीतून नारळ काढला तेव्हा तिनं शेजारच्या खोलीतून दोन माणसं बोलावून घेतली. हसणं ओसरल्यावर त्यांनी मला फवारणीचा एक निरोप बोलून दाखवायला सांगितला. सर आत पंगतीत जेवायचे तेव्हा मी बाहेर गाडीला टेकून गावोगावच्या लोकांशी गप्पा मारायचो. माझं खरं संशोधन तेवढंच. त्याच बोलीत निरोप सांगितला आणि नोकरी लागली.

पुढं घरून काम करायची सोय झाली तसा बीडला परतलो आणि रविवारी पीएच.डी.ची पोरं मुलाखतीच्या सरावाला गोळा करायला लागलो. इतिहासाची, मराठीची, समाजशास्त्राची, प्राध्यापकीची वाट बघत केस पांढरे करणारी. दोन मिनिटांत आपलं काम सांगायचं, बायोडाटा एका पानात बसवायचा, 'प्रस्तुत प्रबंधात' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, नारळ घरी ठेवायचा. लोकांना ही समाजसेवा वाटली. मी ती वाटू दिली. पण पोरं मी निवडून घ्यायचो आणि बहुतेक सरांची घ्यायचो. एक पोरगं नोकरीला लागलं की सरांच्या घरचं एक काम अडायचं. त्यांच्याकडं गॅसचं सिलिंडर आणायला कुणी उरलं नाही असं कळलं त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली.

शेवटी एकच उरला, नांदूरघाटचा, सरांचा चालू ड्रायव्हर. त्याचा विषय होता आष्टीच्या जनावरांच्या बाजारातली सौद्याची भाषा. पोरगा लई हुशार, पण पहिल्या सरावाला मी खोकलो तर उठून उभा राहिला, आणि चहा संपल्यावर माझा कप विसळायला निघाला. त्याला खाली बसवण्यातच दोन रविवार गेले. तरी त्यानं आमच्या कंपनीतली जागा मिळवली. सोमवारी हजर व्हायचं होतं.

अडचण सहीची. प्रबंध तयार होता, सर सही करत नव्हते. ते निवृत्त होणार होते आणि सही झाली की ड्रायव्हर जाणार हे ओळखून होते.

"दादा, सहीबिगर गेलो तर सहा वर्षं पाण्यात," तो म्हणाला.

"अन् थांबलास तर?"

"तर सरांच्या नातवाला शाळंत सोडीन."

मी बऱ्याच वर्षांनी सरांच्या घरी गेलो. पाया पडलो. वाकताना कंबरेत कळ आली, ती रागाचीच असावी. म्हटलं, रविवारी सेवागौरव आहे, मंचावर सगळ्यांदेखत आपल्या शेवटच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर सही केलीत तर किती शोभेल. फोटोग्राफर आहेच. सर खुलले.

"छान सुचलं. तू पूर्वी इतका हुशार नव्हतास."

रविवारी मंगल कार्यालयाच्या मंचावर सरांनी पेन धरून कॅमेऱ्याकडं बघितलं आणि सही केली. फोटोग्राफर पुन्हा एकदा म्हणाला, म्हणून उरलेल्या प्रतींवरही केली. पोरानं प्रती उचलून छातीशी धरल्या. आता प्रबंध विद्यापीठाचा, सरांनी खुशाल रागवावं.

मग मी माइक घेतला. अनेक वर्षं गाडीत, अंघोळीत, झोपेत पाठ केलेलं टोचरं भाषण होतं माझ्याकडं. ऐनवेळी त्यातली एक ओळ आठवली तर शपथ. एवढंच म्हणालो की सरांचा हा विद्यार्थी उद्यापासून पुण्यात नोकरीला लागतोय, सरांनी आणखी एक संसार उभा केला. टाळ्या पडल्या. सरांनाही वाजवाव्या लागल्या, पण त्यांचे तळवे एकमेकांना लागत नव्हते.

खाली उतरल्यावर ते त्याला म्हणाले, "गाडी काढ."

तो पाया पडला आणि किल्ली दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. "सर, माझी यष्टी हाय."

मागं न बघता तो फाटकाबाहेर गेला.

सर गाडीपाशी गेले आणि सवयीनं मागच्या सीटवर बसले. मांडीवर पुष्पगुच्छ. पुढं कुणीतरी येऊन बसेल म्हणून वाट बघत राहिले. भाचा आपल्या गाडीतून कधीच गेला होता. मी आत जाऊन पंगतीत बसलो, जिथून गाडी दिसते अशी जागा बघून. वाढपी विचारायला लागला, बुंदी वाढू का. म्हटलं, वाढ बाबा, मला काही घाई न्हाई.