बिनऔषधाचा चमचा

माझा धाकटा भाऊ कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी आहे आणि मी त्याच्या हाताखाली वाढपी. घरात मी थोरली, कॅन्टीनमध्ये तो साहेब. हे त्याला पक्कं ठाऊक आहे, मला अजून पटलेलं नाही. माणूस तसा लाखात एक, फक्त भरलेलं ताट परत आलं की त्याचा जीव खालीवर होतो. कोणी भात टाकला तर हा मोरीपाशी जाऊन चाखून बघतो, आणि मीठ बरोबर निघालं की त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालतो.

संध्याकाळी सातला शेवटचं ताट उठलं की तो गॅसचा मोठा कॉक बंद करतो. मग कोणीही येवो, चहासुद्धा मिळत नाही. एकदा खुद्द मॅनेजर तोंड पाडून परत गेले आहेत. आम्ही राहतो कॅन्टीनच्या मागच्या दोन खोल्यांत, घरचा स्वयंपाक वेगळा नाही, त्यामुळे हा नियम आम्हालाही लागू.

अशा माणसाच्या पोटी भिंगरी आली. शाळेत तिचं नाव दुसरं आहे, पण पाय फुटल्यापासून ती एका जागी ठरली नाही, म्हणून भिंगरी. वर्गात बाक सोडून हिंडायची, अर्धं वाक्य ऐकून पळायची. आम्ही आधी हसलो, मग रागावलो, मग फटकेही दिले, आणि हे सगळं करून झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा एडीएचडी आहे, यात पोरीचा दोष नाही. त्यांनी रोज सकाळी एक कॅप्सूल दिली. भिंगरीला ती गिळता येईना, म्हणून उघडून आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरावर घालून द्यायचे ठरले. भावजय पहाटेच्या पाळीला जाते, तेव्हा हे काम भावाकडे आलं. पोरगी उठली की पहिला तो चमचा.

औषध लागू पडलं. भिंगरी धडा शेवटपर्यंत वाचायला लागली. हिच्या धक्क्यांना कंटाळून बाकाच्या टोकाला बसणारी मुलगी हिची मैत्रीण झाली. आम्ही हरखून गेलो.

पण दुपारचं ताट जसंच्या तसं राहायला लागलं. भावाने अंडी उकडली, तळली, बटाट्याच्या चकत्यांना नाकडोळे काढले. 'बाबा, पोटात जागाच नाही,' एवढंच ती म्हणायची. सगळा कारखाना ज्याच्या हातचं बोटं चाटून खातो, त्याच्या पोटच्या पोरीला घास जाईना. त्याने ते फार मनाला लावून घेतलं.

असं वर्ष गेलं. एक दिवस ती शाळेतून उड्या मारत आली. "आत्या, बाबा, प्रार्थनेच्या रांगेत मी आता सगळ्यांत पुढे."

भावाने शाबासकी दिली, हातावर साखर ठेवली. मग जरा वेळाने मला विचारलं, "ताई, रांग कशावरून लावतात गं?"

"उंचीवरून. बुटकी पोरं पुढे."

तो झारा ठेवून खाली बसला. मागच्या वर्षी ती रांगेत मधोमध उभी असायची.

त्यानंतर त्याने जे केलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. चमचा तसाच, गर तसाच, दाणे मात्र मोरीत. मला दिसत होतं ते एवढंच, की पोरगी जेवायला लागली. लख्ख पुसलेलं ताट तो मला आणून दाखवायचा. "बघ ताई, माझ्या हाताची चव गेलेली नाही." आणि मीही खूश व्हायचे.

मग शाळेतून बाईंचा फोन आला. भिंगरीने त्या मैत्रिणीला बाकावरून ढकललं होतं, तिच्या कोपराला लागलं होतं, आणि आता ती हिच्या शेजारी बसायला तयार नव्हती. संध्याकाळी भिंगरी कोठीत बटाट्याच्या पोत्यांमध्ये बसलेली सापडली.

"आत्या, मी रोज औषध घेते ना?"

"घेतेस की."

"तरी मी अशीच वागते. म्हणजे आजार नाहीच. मीच वाईट आहे."

मी तशीच उठून भावाला हे सांगितलं. तेव्हा त्याने सगळं कबूल केलं. मी त्याला जन्मात बोलले नव्हते एवढं बोलले. "तुला तुझ्या स्वयंपाकाची पडली होती," असंही म्हटलं.

"पोरगी खुरटत होती गं," तो म्हणाला. "मी नुसतं बघत बसू?"

मग आम्ही पोरीला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी उंची-वजन घेतलं, आलेख काढला. वर चढत गेलेली रेघ वर्षभरात आडवी झाली होती. "तुमची भीती खोटी नाही," त्या म्हणाल्या. "या औषधाने भूक मरते, उंचीही थोडी मागे पडू शकते. म्हणून तर मी दर काही महिन्यांनी बोलावलं होतं, तुम्ही फिरकला नाहीत. आता आधी पोटभर नाश्ता, मग औषध. दुपारी जेवणावरून भांडायचं नाही. संध्याकाळी औषधाचा जोर उतरला की भूक लागते, तेव्हा खायला घाला. मात्राही मी बदलून बघते. सुट्टीत बंद ठेवायचं का, ते मिळून ठरवू. एकट्याने नाही. आणि पोरीला खरं काय ते सांगा."

तिला भूक लागायची आठच्या सुमारास, म्हणजे आमचा कॉक बंद झाल्यावर. वर्षभर 'वेळेवर का जेवली नाहीस' म्हणून आम्ही तिला पाणी पाजून झोपवत होतो. अजून आठवलं की राग येतो, कोणावर ते मात्र ठरत नाही. आता आठला कॉक पुन्हा उघडतो. अंडी, लोणी लावलेला पाव, दूध. ती खाते.

खरं सांगायचं तेवढं राहिलं होतं. भाऊ रोज तिच्यासमोर बसायचा आणि 'अजून पाव देऊ का' विचारून उठायचा. शेवटी मीच म्हटलं, तू सांगतोस की मी सांगू. तेव्हा त्याने सांगितलं, खाली मान घालून, एका दमात.

भिंगरीचा घास तोंडातच राहिला. "म्हणजे मी तिला ढकललं, तेव्हा माझ्या पोटात औषध नव्हतं?"

"नव्हतं. मी टाकून देत होतो. तू वाईट नाहीस गं, चुकलो मी."

तिला रडू येत होतं आणि रागही आला होता. मग म्हणाली, "हे तू तिला येऊन सांग. माझं ती ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळेला भाऊ झारा माझ्या हातात देऊन शाळेत गेला. इतक्या वर्षांत हे कधी घडलं नव्हतं. माझ्याकडून भात करपला, कामगार कुरकुरले, मी कोणाला जुमानलं नाही.

तो परत आला तेव्हा डोळे लाल होते.

"काय म्हणाली ती मुलगी?"

"बोलली काहीच नाही," तो म्हणाला. "बाकावर सरकली, आणि हिला बसायला जागा दिली."