पोंभुर्ण्याच्या स्टँडवरची रेंज

माझा थोरला भाऊ मोबाइलच्या टॉवरवर चढून अँटिने बसवायचा. आमचं गाव पोंभुर्णा तालुक्यात, जंगलाला लागून. दोन हजार सालानंतर जिकडेतिकडे टॉवर उभे राहू लागले, तसा एक आमच्या गावाबाहेरच्या पडीत जागेवरही झाला. त्यावर भाऊच चढला. तो खाली उतरेपर्यंत बाबा धानाच्या बांधीवरून हलले नाहीत.

त्या एका टॉवरवर दोन कंपन्यांचे अँटिने होते, याचं बाबांना नवल वाटे. भाऊनं समजावलं, टॉवर बांधणारा तिसराच असतो, तो जागा भाड्यानं देतो. बाजारातल्या ओट्यासारखं, परवडेल त्यानं बसावं, नाही परवडलं की उठावं.

"मंग एकाच्या फोनले दुसऱ्याचा अँटिना काऊन नाई चालत?" बाबांनी विचारलं.

कंपन्यांचं आपसात जमलं तर चालेल, पण अजून जमलं नाही, असं भाऊ म्हणाला. बाबांना त्यानं एक फोन आणून दिला. त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं, कारण तिचे अँटिने त्यानं स्वतः बसवले होते.

पुढे त्याच्या सोबतचा एक जण टॉवरवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. बाबा काम सोड म्हणून धरून बसले. भाऊ ऐकेना. शेवटी बाबा म्हणाले, "वरतच चढाचं असन तं या घरात येऊ नको."

भाऊनं बॅग उचलली. आई रस्त्यापर्यंत मागे गेली, पण तो थांबला नाही. मग कधीतरी त्याचा फोन यायचा, कुठल्या तरी परप्रांतातल्या बूथवरून, दर वेळी वेगळ्या गावाहून. त्याचा स्वतःचा असा नंबर नव्हताच. बाबा फोन उचलून माझ्या हातात द्यायचे. बोलायचे नाहीत, पण जवळून हलायचेही नाहीत.

मग ती दुसरी कंपनी आमच्या टॉवरवरून उठली. भाडं परवडत नव्हतं म्हणे. माणसं आली आणि अँटिने उतरवून घेऊन गेली. गावात पहिल्या कंपनीचे फोन वाजत राहिले, आमचा मुका झाला. मी नवीन सिम घेऊ म्हटलं.

"त्याच्यापाशी हाच नंबर हाय," बाबा म्हणाले. "बदलला तं तो कुठी शोधन आपल्याले?"

पोंभुर्ण्यात त्या कंपनीची रेंज होती. बाबा बाजाराच्या दिवशी सकाळच्या बसनं जायचे, स्टँडच्या बाकावर मांडीवर फोन घेऊन बसायचे आणि शेवटच्या बसनं परत यायचे. एकदा वाजला, पण तो कुणाचा तरी चुकून लागलेला. बाबांनी त्या अनोळखी माणसाला, कुठून बोलतोस, जेवलास का, असं सगळं विचारलं. घरी येऊन आम्हाला सांगितलं, पोरगा चांगला होता.

पावसाळ्यात बाबांना ताप भरला. चंद्रपूरला नेलं, तोवर मलेरिया डोक्यात गेला होता. तिथे रेंज होती. फोन मी त्यांच्या उशाशी ठेवला होता. तो वाजला नाही, आणि बाबा गेले.

भाऊ धानकापणीच्या दिवसांत आला. दारात आईचं मोकळं कपाळ बघितलं आणि तिथेच खाली बसला. मग मला म्हणाला, "मी लावून राह्यलो होतो, बाई. हरेक वेळी बंदच सांगे. मले वाटलं, बाबानं रागानं बंद करून ठेवला. मंग लावणंच सोडलं."

मी त्याला अँटिने उतरवल्याचं सांगितलं, स्टँडचंही सांगितलं. तो म्हणाला, परप्रांतात तोही हेच करत होता, कंपनी उठली की तिचे अँटिने उतरवायचे. आपल्या गावातही असं झालं असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नाही. मग त्यानं विचारलं, बाबा कोणत्या बाकावर बसायचे. मला ठाऊक नव्हतं. मी एकदाही सोबत गेले नव्हते.

कापणी उरकून तो पुन्हा त्याच कामावर गेला. दुसरं काही त्याला येत नव्हतं. आता त्याचा फोन माझ्या नंबरवर येतो. आई फोन हातात घेते आणि आधी एवढंच विचारते, "आता खाली हायेस ना?" तो हो म्हणतो.