एरंडेलाचा धूर

१९८०च्या सुमारास बहारीनमधल्या ईसा टाउनमागच्या माळावर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी एक मालवणी गृहस्थ दिसायचे. पडून मोडलेल्या मॉडेल विमानाच्या मुठीएवढ्या इंजिनात त्यांनी नवा पिस्टन घातला होता. फळीवर आवळलेलं ते इंजिन खोकत सुरू व्हायचं, इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा धूर ओकायचं. जरा चाललं की ते बंद करत आणि उकिडवे बसून गार होऊ देत. मीही शेजारी बसे.

एकदा मी वैतागलो. "यल्ला, चला, एकदा जोरात सोडा की!"

"दुखण्यातून उठलेल्या माणसाक लगेच धावडवतत काय?"

मग एका शुक्रवारी त्यांनी इंधन कमीजास्त करणारी सुई हलकेच पिळली. खोकला थांबला. एकच स्वच्छ, उंच सूर माळभर पसरला, बुटांखालची वाळू थरथरली. भानावर आलो तेव्हा आम्ही दोघंही उभे होतो.