शेवटून सांग

शाळेत बाईंना सगळे 'उलटतपासणी' म्हणत. मुलं पाठीमागे, शिक्षक डबा खाताना, आणि मुख्याध्यापक फक्त स्वतःच्या घरी. बाईंना ते ठाऊक होतं. हे नाव आपल्याला वडिलांकडून आलं, असं त्या मानत. वडील कोर्टात कारकून होते. लहानपणी घरी यायला उशीर झाला की ते रागवत नसत. म्हणत, "आता शेवटून सांग. दारात आलीस, त्याआधी कुठे होतीस? आणि त्याच्याआधी?" खोटं एकाच दिशेने चालतं, हे त्यांनी साक्षीदारांकडे बघून ओळखलं होतं.

बाईंनी ही रीत भाषेच्या वर्गात आणली. दहावीच्या मुलांना वर्षभरात एक मोठा निबंध स्वतः लिहून द्यावा लागे. तो उतरवलेला निघाला तर शून्य, आणि शून्य मिळालं की बोर्डाच्या परीक्षेला बसता येत नसे. संशय आला की बाई त्या मुलाला प्रयोगशाळेशेजारच्या अरुंद खोलीत बोलवत. तिथे नकाशांच्या गुंडाळ्या, एक मोडका पंखा आणि दोन खुर्च्या होत्या. निबंध पालथा ठेवून त्या म्हणत, "शेवटून सांग." घोकून आलेलं मूल पोपटासारखं पहिल्या वाक्याकडे धावे. स्वतः लिहिणारं अडखळत का होईना, मागे मागे जाई, आणि मध्येच एखाद्या जागी थांबून म्हणे, "इथे आधी वेगळं होतं, मग खोडलं."

मूल सापडलं म्हणून बाईंना आनंद होत नसे. तांदूळ निवडताना खडा हाताला लागला की बाजूला काढायचा, इतकंच.

त्या वर्षी वार्षिक अंकाची जुळणी करताना चित्रकलेचे सर एक निबंध घेऊन आले. "बाई, ह्यातलं मांजर मी गेल्याच वर्षीच्या अंकात काढलंय!" निबंध एका बंद दुकानाबद्दल होता. गेल्या वर्षी तो एका मुलीच्या नावाने छापला गेला, त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि त्या बक्षिसाच्या जोरावर तिला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. यंदा तोच निबंध, शब्दाला शब्द, तिच्या धाकट्या बहिणीने दिला होता.

धाकटी अरुंद खोलीत येऊन बसली.

"ताईचा उतरवलास?"

"हो."

बाईंनी चष्मा काढला. सापडलेलं मूल आधी नाही म्हणतं.

"शेवटून सांग."

"शेवटी मांजर शटरखालून बाहेर येतं आणि मागे बघत नाही. त्याआधी कोणीतरी शटरवर टकटक करतं, पाहुण्यासारखं. त्याआधी पाटीवरचा रंग..." ती सहज मागे जात होती, जिन्याच्या पायऱ्या माहीत असलेलं माणूस अंधारात उतरतं तशी. "मांजराच्या जागी आधी कुत्रा होता. पण कुत्र्याने मागे बघितलं असतं." मग तिने जीभ चावली. "म्हणजे, ताई म्हणाली तसं."

"ताईला लिहून कोणी दिला होता?"

मुलगी नकाशांकडे बघत राहिली.

"आणि स्वतःचाच परत दिलास? दुसरा सुचला नाही?"

"इतका चांगला नाही सुचला," ती म्हणाली. मग घाईने, "शून्य द्या ना, बाई. मी पुढच्या वर्षी बसेन. ताईला बोलवू नका."

घरी वडिलांनी पलंगावरूनच विचारलं, "आज कोण सापडलं?"

"मीच," बाई म्हणाल्या. "मोठीला गेल्या वर्षी विचारलंच नाही. वर्गात पहिली येणारी मुलगी, तिला काय विचारायचं!"

"वा! म्हणजे कोट बघून आरोपी सोडलास," वडील म्हणाले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोठीलाही बोलावलं, आणि दोन्ही बहिणी मुख्याध्यापकांच्या खोलीत उभ्या राहिल्या. मोठी म्हणाली, "तिने माझा उतरवला असेल, सर. मला काहीच माहीत नाही." धाकटीने मान हलवून त्याला दुजोरा दिला.

बाई मोठीला म्हणाल्या, "शेवटून सांग."

"बाई, वर्ष झालं त्याला."

"मांजर आठवतं ना?"

"हो. मांजर... दुकानातून... शटर उघडतं, आणि..."

"खालून," धाकटी पुटपुटली.

"शटरखालून येतं. त्याआधी... त्याआधी..."

"टकटक."

वर्गात कोणी नुसते ओठ हलवले तरी बाई खडू खाली ठेवत. आता त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर शिपाई मैदानाला पाणी मारत होता.

"कोण कुजबुजतंय?" मुख्याध्यापकांनी विचारलं. धाकटीने तोंडावर हात ठेवला. मोठीने तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिला काही सांगता येईना.

"चोरी झालीय, सर," बाई म्हणाल्या. "पण यंदा नाही. गेल्या वर्षी. तेव्हा पकडायची होती ती मी पकडली नाही."

मुख्याध्यापकांनी कपाळ चोळलं. "मग हिच्या परीक्षेचं काय करायचं?"

"जुना निबंध चालणार नाही. हिने माझ्यासमोर नवा लिहावा आणि परीक्षेला बसावं. यंदाच्या अंकात जुन्याची दुरुस्ती छापू, खऱ्या नावाने."

"कॉलेजला कळलं तर?" मोठीने विचारलं.

"कळेलच. त्याआधी तू सांग."

व्हरांड्यातून मोठी भराभर पुढे निघून गेली. धाकटी चार पावलं तिच्या मागे गेली आणि थांबली.

शाळा सुटल्यावर ती अरुंद खोलीत लिहायला बसली. समोरच्या खुर्चीत बाई दुसऱ्या वर्गाचे पेपर तपासत होत्या. मुलगी लिही, खोडी, पेनाचं टोपण चघळी. एकदा तिने बाहीला डोळे पुसले आणि पुन्हा लिहू लागली. मग बराच वेळ पेन हललं नाही. बाईंनी सवयीने मान वर केली.

"झालं? चल, शेवटून सांग."

"शेवट अजून यायचाय, बाई," मुलगी म्हणाली.

बाईंनी पुढचा पेपर उघडला.